“भरपाईचे पैसे घरात ठेववत नाहीत, दान करून टाकू का?”

हा प्रश्न मला समुपदेशक म्हणून वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. शब्द वेगळे असतात पण गाठ तीच. अपघातात घरातलं माणूस गेलं, समोरचा प्यायलेला होता, केस चालली, आणि एक दिवस बँकेत मोठी रक्कम जमा झाली की घरात भांडणं सुरू. कुणी म्हणतं रक्ताचा पैसा आहे, कुणी म्हणतं देवळाला द्या, कुणी म्हणतं पिऊन गाडी चालवणाऱ्यांच्या विरोधात काम करणाऱ्या संस्थेला द्या, म्हणजे निदान त्याचं काहीतरी होईल. उत्तर एका ओळीत देता येत नाही म्हणून एक केस सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि त्या घरच्यांना विचारूनच लिहितेय.

काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, नाशिकचे. मुलगा चोवीस वर्षांचा, एमआयडीसीत सेकंड शिफ्ट करून रात्री बाईकवर घरी येत होता आणि पार्टीवरून निघालेल्या कारने उडवला. लोक जमले, व्हिडिओ काढले, शेवटी एका रिक्षावाल्याने उचलून हॉस्पिटलला नेलं पण उपयोग झाला नाही. माझ्याकडे काका आले ते चार वर्षांनी, क्लेमचा निकाल लागल्यावर.

पहिल्या सेशनला ते रडले नाहीत, चिडले होते. कशावर तर हिशोबावर. ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे अपघात भरपाईच्या कोर्टात, अविवाहित मुलगा गेला की साधारण त्याच्या पगारातला निम्मा हिस्सा त्याचा स्वतःचा खर्च म्हणून वजा करतात, आणि उरलेल्या वर्षाच्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात, चोवीसला 18 ने. वकिलाने समजावलेलं, पण काका म्हणाले, “मॅडम, माझा पोरगा निम्मा पगार स्वतःवर उडवत होता काय? महिन्याला फक्त दोन हजार ठेवून बाकी सगळे आईच्या हातात द्यायचा.” मी काहीच बोलले नाही. ह्याला काय उत्तर देणार, खरंच.

दुसऱ्या सेशनला म्हणाले सगळी रक्कम देऊन टाकायची, एक रुपया ठेवायचा नाही. मी विचारलं पैसे कुणाच्या नावावर आहेत. तर बहुतेक सगळे काकूंच्या. अशा केसमध्ये आईला अवलंबून धरतात, वडिलांना पेन्शन असेल तर फारसं धरत नाहीत, आणि पैसे पण एफडीत अडकवून ठेवलेले. म्हणजे काका जे द्यायला निघाले होते ते त्यांचं नव्हतंच! आणि काकूंना गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं, दोन वर्षं टाळत होत्या.

आता इथे थांबून एक सांगते, अशा वेळी मी कुणालाच “द्या” किंवा “देऊ नका” म्हणत नाही. पण एक नियम पाळायला लावते, निकालानंतर निदान सहा महिने मोठी देणगी द्यायची नाही. तेव्हाचं दान बहुतेक वेळा दान नसतं, हात झटकणं असतं, आणि मग एखाद्या वर्षाने तोच माणूस संस्थेवर चिडून येतो की मी एवढं दिलं तरी मला झोप का येत नाही.

चौथ्या सेशनला खरी गोष्ट बाहेर आली. काका खाली बघत म्हणाले, “मीपण चालवायचो.” लग्नाकार्यात, रिटायरमेंटच्या पार्ट्यांना, दोन पेग घेऊन स्कूटरवर डबलसीट, मागे हाच पोरगा, तेव्हा सातवी-आठवीत असेल. कधी काही झालं नाही म्हणून कधी काही वाटलं नाही. कायद्याची रेघ शंभर मिली रक्तात 30 मिलिग्रॅमची आहे, आणि पहिल्यांदा सापडलं तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, पण त्यांना कधी कुणी अडवलंच नव्हतं. “त्या कारवाल्यात आणि माझ्यात काय फरक मॅडम, माझं नशीब होतं एवढंच.” म्हणजे पैसे नकोसे झाले होते ते कारवाल्यामुळे नाहीच, स्वतःमुळे.

तेव्हा मी त्यांना म्हटलं काका, तुमच्या डोक्यात दोन खाती एक झालीयेत. प्रायश्चित्ताचं खातं वेगळं आणि मदतीचं वेगळं. पहिल्यात तुम्ही कितीही भरा ते भरणार नाही, आणि त्यात भरायला काकूंच्या गुडघ्याचे पैसे तर अजिबात काढायचे नाहीत. दुसऱ्या खात्याचं बोलायचं असेल तर बोलू.

त्यावर ते फिस्कारले. “एनजीओ म्हणजे एसीत मीटिंगा आणि फोटो.” मग मी एक विचारलं, तुमचा क्लेम भरताना ती मुलगी यायची ना काकूंबरोबर, पोलीस स्टेशनला पंचनाम्याची कॉपी आणायला, पोस्टमॉर्टेमच्या रिपोर्टला, कंपनीत पगाराच्या स्लिपा काढायला, ती कोण? म्हणाले सरकारी असेल, कोर्टाची. ती सरकारी नव्हती. ती ज्या छोट्या ट्रस्टची होती तिचा पगार, बसची तिकिटं, झेरॉक्स, सगळं देणग्यांतून. आणि माझ्यासमोरची ही चार सेशन, ज्यांची फी त्यांनी पहिल्या दिवशी विचारली आणि मी “झालीये” म्हटलं होतं, तीही कुणीतरी भरलेली. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “कोणी भरली?” मी म्हटलं मलाही नाव माहीत नाही.

खरं सांगायचं तर पीडितांना मदत म्हणजे हेच रटाळ काम. क्लेम टाकायला 2022 पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आलीये, आणि तेराव्यापर्यंत ज्यांच्या घरात चूल नीट पेटत नाही त्यांना मुदतीचं कोण सांगणार? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बऱ्याच जणांना फुकट वकील मिळतो हे पण कुणीतरी हाताला धरून दाखवावं लागतं. ह्या हाताला धरण्याचे पैसे सरकारी योजनेतून फारसे येत नाहीत.

आणि कायदे बदलतात तेही अशाच पैशावर. काकांना मी दोन गोष्टी सांगितल्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 1980 साली तेरा वर्षांची मुलगी प्यायलेल्या ड्रायव्हरच्या गाडीखाली गेली, तिच्या आईने, कँडेस लाइटनरने, अशा आयांची संघटना काढली, आणि 1984 ला तिथे दारूचं वय देशभर 21 करायला लावणारा कायदा झाला त्यामागे ह्या आयांचा मोठा रेटा होता. आपल्याकडे सेव्हलाइफ फाउंडेशन, पियुष तिवारींनी 2008 मध्ये काढलेलं, त्यांचा नात्यातला भाऊ (कझिन) अपघातात गेल्यावर, तो रस्त्यावर पडून राहिला आणि कुणी थांबलं नाही म्हणून. त्यांच्याच याचिकेवर 2016 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जखमीला पोचवणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, अडकवून ठेवायचं नाही. हे ऐकल्यावर काका एकदम म्हणाले, “म्हणून तो रिक्षावाला त्या रात्री लगेच निघून गेला काय, आणि आम्ही त्याला शिव्या घातल्या.”

त्या रिक्षावाल्याला शोधायचं त्यांनी मनावर घेतलं. सापडला नाही.

पिऊन चालवणं थांबवण्याच्या कामाबद्दल मात्र त्यांची शंका मला पटते. पोस्टर चिकटवून आणि मेणबत्त्या लावून कुणी ग्लास खाली ठेवत नाही. लोक थांबतात ते चेकिंग होईल ह्या भीतीने, म्हणून जी संस्था नाकाबंदी नियमित व्हावी म्हणून पाठपुरावा करते, केसेस कोर्टात पुढे सरकतात का बघते, तिला मी देईन. नुसते रॅलीचे फोटो दाखवणाऱ्याला नाही. द्यायच्या आधी मागच्या वर्षीचा हिशोब मागा, पगारावर खर्च दिसला की नाक मुरडू नका, ह्या कामात माणूस हेच सामान आहे. पावती घ्या, रोख दोन हजारांच्या वर देऊ नका कारण मग देणगीवरची टॅक्सची सूट, लोक जिला 80जी म्हणतात ती, मिळत नाही, आणि नवी टॅक्स पद्धत घेतली असेल तर तशीही नाही मिळत, तेव्हा कुणी फक्त टॅक्सचं आमिष दाखवत असेल तर सावध.

पुढे काय झालं तर, काकूंनी ऑपरेशन करून घेतलं, स्वतःच्या एफडीच्या व्याजावर. काका ट्रस्टबरोबर एमआयडीसीतल्या ड्रायव्हर लोकांसमोर बोलायला गेले, “मीपण चालवायचो” इथूनच सुरुवात केली म्हणे. दोनदा गेले, तिसऱ्यांदा नको म्हणाले, घरी आल्यावर दोन दिवस जेवण जात नाही म्हणून. मी म्हटलं नका जाऊ.

देणगी शेवटी काकूंनी ठरवली. वर्षश्राद्धाला पाच माणसं जेवायला घालायची ती घालायचीच, आणि काकांच्या पेन्शनमधून दर महिन्याला पाचशे, फक्त त्या मुलीच्या बसभाड्याला आणि झेरॉक्सला. काकांना पावती मुलाच्या नावाने हवी होती. ट्रस्टवाले म्हणाले देणाऱ्याचं नाव आणि पॅन लागतो, पण खाली “यांच्या स्मरणार्थ” अशी ओळ आहे तिथे लिहू.

पहिली पावती काकांनी परत पाठवली. नावात दुसरी वेलांटी हवी तिथे पहिली पडली होती.