अमेरिकेत ऑफिसमधले सगळे कॉलेज फुटबॉलवरून एकमेकांना चिडवतात. नवख्या मराठी माणसाने त्यात पडावं का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बदली होऊन ओहायोतल्या कोलंबसला आलात. ऑफिसमध्ये ओहायो स्टेट आणि मिशिगन या दोन विद्यापीठांच्या फुटबॉलवरून रोज जुंपलेली असते, तुम्हाला खेळ कळत नाही, आणि हे खरं भांडण आहे की गंमत याचाही अंदाज येत नाही. मग यात पडायचं की चार हात लांब राहायचं?

पडा, अगदी बिनधास्त पडा. मी याच शहरात बरीच वर्षं नोकरी करतोय आणि इथल्या माणसांशी सूत जुळवायला याच्याइतकी सोपी गोष्ट मला दुसरी सापडलेली नाही. ज्याच्याशी जमत नाही त्याला इथे कुणी चिडवत नाही. त्याच्याशी हवापाण्याचं चार वाक्यं बोलतात आणि पुढे जातात. तुमच्या तोंडावर कुणी मिशिगनवरून टोमणा मारला, तर त्याने तुम्हाला आपल्यात धरलंय असं खुशाल समजा.

पहिली गोष्ट म्हणजे याचा पदवीशी फारसा संबंध नाही. तुमच्या मजल्यावर लाल-करड्या रंगाचे शर्ट घालून फिरणाऱ्यांतले कितीतरी जण ओहायो स्टेटच्या वर्गात कधी बसलेले नसतील. तरी ते ‘आपली टीम’ म्हणतात आणि तसं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. १८६२ च्या कायद्याने केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्या विकून आलेल्या पैशातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढायला सांगितली. त्यातूनच १८७० मध्ये हे विद्यापीठ उभं राहिलं. म्हणजे मुळातच ते शेतकऱ्यांच्या, कामगारांच्या पोरांसाठी काढलेलं, राज्याचं विद्यापीठ. त्यात कोलंबसला व्यावसायिक फुटबॉलची टीम नाही. उत्तरेला क्लीव्हलँडची, दक्षिणेला सिनसिनाटीची, आणि त्या दोघींनी राज्य वाटून घेतलेलं. अख्ख्या ओहायोला एकत्र आणणारी टीम ही कॉलेजचीच. वयानेही कॉलेजचा खेळ मोठा आहे. कॉलेजांमधला पहिला सामना १८६९ चा, तर व्यावसायिक लीग स्थापन झाली १९२० मध्ये, तीही ओहायोतल्याच कँटन गावात.

मी कोल्हापूरचा, त्यामुळे हे मला पटकन उमगलं. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की ज्याने जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही तोसुद्धा आपल्या पेठेसाठी घसा फोडतो. तू तालमीचा सभासद आहेस का, असं त्याला कुणी विचारत नाही. पेठेतला आहे ना, बास. आमचा फुटबॉल म्हणजे इथला सॉकर, खेळ पार वेगळा, पण अभिमानाची जात एकच. इथे पेठेच्या जागी राज्य आहे, एवढंच.

आणि राज्याचं हे प्रकरण फुटबॉलपेक्षा कितीतरी जुनं आहे. १८३५ मध्ये ओहायो आणि मिशिगन खरोखरच एकमेकांवर चालून गेले होते. जुन्या नकाशांमधल्या गोंधळामुळे दोघांच्या हद्दीवर पाच ते आठ मैल रुंदीचा एक पट्टा दोघेही आपला म्हणत होते. त्यात टोलेडो होतं, मॉमी नदीच्या मुखाशी, ईरी सरोवराच्या काठावर. म्हणजे बंदर आणि व्यापार. ओहायो तेव्हा राज्य होतं, मिशिगन अजून राज्य व्हायचं होतं. दोन्हीकडून सैन्य जमवलं गेलं, दोन्हीकडून धमक्या झाल्या, पण माणूस एकही मेला नाही. मिशिगनच्या एका डेप्युटी शेरीफला खिशातल्या चाकूचा वार बसला, तेवढंच काय ते रक्त सांडलं. शेवटी वॉशिंग्टनने तोडगा काढला: टोलेडो ओहायोला, आणि मिशिगनला राज्याचा दर्जा हवा असेल तर त्या बदल्यात सरोवरापलीकडच्या वरच्या द्वीपकल्पाचा मोठा भाग. मिशिगनच्या लोकांना हा सौदा अजिबात आवडला नव्हता, पण १८३७ च्या जानेवारीत ते राज्य झालं. पुढे त्या ‘निकामी’ प्रदेशात तांबं आणि लोखंड निघालं. ऑफिसमध्ये मिशिगनचं कुणी असेल तर एकदा टोलेडोचा विषय काढून बघा. पुढची वीस मिनिटं तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

आमच्या टीममध्ये टोलेडोचा एकजण आहे. त्याचं घर ओहायोत, पण तिथून मिशिगन विद्यापीठाचं ॲन आर्बर पन्नासेक मैलांवर आणि कोलंबस त्याच्या जवळजवळ तिप्पट लांब. त्याच्या घरात वडील ओहायो स्टेटचे, आई मिशिगनची. सामन्याच्या दिवशी दोघं वेगवेगळ्या खोल्यांत टीव्ही लावतात, हे तो अगदी गंभीरपणे सांगतो. तुमचा प्रश्न वाचल्यावर मला आधी तोच आठवला, कारण खरं भांडण की गंमत याचं उत्तर त्याच्या घरात आहे. जीव तोडून लागलेली चुरस असते आणि रात्री जेवायला सगळे एकाच टेबलावर बसतात.

मोठ्या प्रशिक्षकांचंही असंच होतं. वुडी हेज यांनी १९५१ ते १९७८ ओहायो स्टेट सांभाळलं. ते मिशिगनचं नाव तोंडावर घ्यायचं टाळायचे, ‘दॅट टीम अप नॉर्थ’, म्हणजे ‘ती उत्तरेकडची टीम’ म्हणायचे. कोलंबसमध्ये आजही पुष्कळ लोक तसंच म्हणतात. ईमेलमध्ये टी-टी-यू-एन अशी अक्षरं दिसली तर चक्रावू नका, ती याचीच आद्याक्षरं. १९६९ मध्ये मिशिगनने बो शेमबेकलर यांना आणलं. ते जन्माने ओहायोचे, हेज यांच्याच हाताखाली खेळलेले आणि त्यांचे सहायक राहिलेले. पहिल्याच वर्षी शिष्याने गुरूला २४–१२ असं हरवलं. पुढची दहा वर्षं दोघं असे भिडले की त्या काळाला लोक ‘दहा वर्षांचं युद्ध’ म्हणतात. हिशेब काय, तर मिशिगन पाच, ओहायो स्टेट चार, एक बरोबरीत. नोव्हेंबर २००६ मध्ये दोन्ही संघ देशात पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असताना सामना ठरला होता आणि त्याच्या आदल्या दिवशी शेमबेकलर गेले. कोलंबसच्या स्टेडियममध्ये त्यांना आदरांजली वाहिली गेली, आणि मग ओहायो स्टेटने ४२–३९ असा सामना जिंकला. ही दुश्मनी कुठल्या मुशीत घडली आहे ते एवढ्यावरून कळतं.

आता तुमच्या ऑफिसकडे येऊ. सामना थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या सणानंतरच्या शनिवारी, दुपारी बाराला असतो. त्याला नावसुद्धा नाही, नुसतं ‘द गेम’ म्हणतात. त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातल्या पाट्यांवरच्या ‘एम’ अक्षरावर लाल पट्टीची फुली मारतात, आणि ते लोण ऑफिसांमध्येही येतं. माझं आडनाव एमने सुरू होतं. एका सोमवारी सकाळी आलो तर माझ्या क्युबिकलच्या पाटीवरच्या एमवर लाल चिकटपट्टीची नीट कापलेली फुली होती, कडा अगदी सरळ. ‘मीटिंग’च्या आमंत्रणातला एम गायब, कॉफी मशीनवरचा झाकलेला, आणि मॅनेजरच्या दारावर तर एकूण तीन फुल्या. ती बाई मिशिगनची पदवीधर आहे. तिने एकही पट्टी काढली नाही. आठवडाभर त्याच दारामागे बसून सगळ्यांच्या रजा मंजूर केल्या.

तिच्यासारखं हरायला आणि जिंकायला शिकावं असं मला मनापासून वाटतं. २०२१ ते २०२४ मिशिगनने सलग चार वेळा ओहायो स्टेटला हरवलं. त्या चारही सोमवारी ती निळा-पिवळा मफलर घालून आली आणि सामन्याबद्दल चकार शब्द काढला नाही. विषय आम्हीच काढायचा, मग ती हसायची. २०२५ मध्ये ॲन आर्बरला ओहायो स्टेटने २७–९ असं जिंकलं, आणि पैजेत ठरल्याप्रमाणे ती लाल शर्ट घालून सकाळच्या बैठकीला आली. समोरच्याने तोंड उघडल्याशिवाय जखमेवर बोट ठेवायचं नाही, ही तिची रीत आता आमच्या सगळ्या टीमची झाली आहे.

मर्यादा मात्र पाळा. २०२४ चा सामना कोलंबसला झाला. क्रमवारीतही नसलेल्या मिशिगनने १३–१० असं हरवलं आणि मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायला गेले. तिथे हाणामारी जुंपली, पोलिसांना मिरपूड फवारावी लागली आणि नंतर दोन्ही विद्यापीठांना एकेक लाख डॉलर दंड झाला. दुसऱ्या आठवड्यात ऑफिसमध्ये त्यावर कुणीही विनोद केला नाही, आणि ते योग्यच होतं. पुढच्याच जानेवारीत ओहायो स्टेटने नोत्र दाम विद्यापीठाला ३४–२३ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तरी आमच्याकडचे लोक अजून म्हणतात, ‘सगळं खरं, पण मिशिगनशी हरलो.’ आतून किती लागतं ते यावरून ओळखा. खेळाडू अठरा-वीस वर्षांची पोरं असतात, त्यांच्या दुखापतीवर किंवा चुकीवर खिदळू नका. डेट्रॉइटच्या बंद पडलेल्या कारखान्यांवरून मिशिगनच्या माणसाला डिवचणं तर सपशेल वाईट. कुणाच्या तरी बापाची नोकरी त्यात गेलेली असते. पैशाची पैजही नको, अनेक कंपन्यांच्या नियमात ते बसत नाही. शर्ट घालणं, डोनट आणणं, आठवडाभर कॉफी पाजणं एवढ्या पैजा पुरतात.

खेळ कळत नाही याची काळजी सोडा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला की सहा गुण, वर लाथेने खांबांमधून मारला की आणखी एक, आणि लांबून तसाच मारला तर तीन. एवढ्या भांडवलावर पहिला हंगाम सहज निघतो. कुणी ‘ओ-एच!’ ओरडलं की ‘आय-ओ!’ असं उत्तर द्यायचं. लिफ्टमध्ये, विमानतळावर, कुठेही.

बाजू कुठली घ्यायची? राहता तिथली घ्या, आणि कारण खरं सांगा: ‘मी आता कोलंबसचा आहे.’ वीस वर्षांचे चाहते असल्याचा आव आणू नका, कुणाला त्याची गरज नसते. तुम्ही एमएस इथल्याच दुसऱ्या एखाद्या विद्यापीठातून केलं असेल, तर त्याचा झेंडा टेबलावर लावा. त्यालाही तेवढाच मान मिळतो.

आपली बरीच मराठी मंडळी या काळात वेगळ्या टेबलावर बसून क्रिकेटच्या गप्पा मारतात. क्रिकेट माझंही जीव की प्राण आहे, पण तेवढ्यावरच थांबलेलं बघून मला वाईट वाटतं. शेजारच्या टेबलावर आपल्याला जागा ठेवलेली असते. रक्तदान करत असाल तर आणखी एक सोय आहे: १९८२ पासून ही दोन विद्यापीठं सामन्याच्या आधी रक्तदानाचीही स्पर्धा लावतात. आमच्या टीमचे काहीजण दरवर्षी जातात, तुम्हीही त्यांच्यासोबत जा.

आणि थँक्सगिव्हिंगच्या आधी ऑफिसमध्ये प्रत्येकाने घरून काहीतरी आणायचं जेवण असेलच. इथे बकआय नावाच्या झाडाच्या बीसारखी मिठाई करतात: पीनट बटर आणि साखरेचा गोळा, वरचा गोल तेवढा उघडा ठेवून चॉकलेटमध्ये बुडवलेला. माझी बायको दाण्याच्या कुटाचे गूळ घातलेले लाडू तसेच चॉकलेटमध्ये बुडवून देते. डबा कायम रिकामा परत येतो, आणि त्यात मिशिगनवाल्यांचा वाटा मोठा असतो. तुम्ही केलेत तर वेलदोडा जरा बेताने घाला आणि डब्यावर दाणे असल्याची चिठ्ठी ठळक अक्षरात लावा, इथे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली माणसं बरीच भेटतात.