आधीच थकवा, त्यात व्यायाम कसला?

पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, असलेल्या घरांतून हा प्रश्न मला इतक्यांदा ऐकू येतो, की वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारातल्या एका जोडप्याची गोष्ट, ओळख बदलून, सांगतो.

काका 67 वर्षांचे, आजार चार वर्षांचा. कंप थोडाच. "नऊ तास पलंगावर असतो, तरी अंगात जीव नसतो." काकू लगेच म्हणाल्या, "म्हणून मी यांना काही करूच देत नाही."

हा थकवा आळस नव्हे. तो आजाराचाच भाग, काहींना तर कंपाच्याही आधी जाणवणारा. पण पडून राहिलं की मांड्यांचं बळ जातं, मग खुर्चीतून उठणंही दमवतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 आणि उभं राहिल्यावर पडणारं बीपी आधी डॉक्टरांकडून तपासून घेतलं.

काकांनी व्यायाम केला नव्हता असं नाही. पहाटे, पार्किन्सन्सच्या गोळीआधी, कमाटीबागेत मोठी फेरी मारली आणि दोन दिवस आडवे झाले! वेळ चुकली, माप चुकलं. दोष मात्र चालण्यावर आला.

आम्ही ठरवलं: गोळीनंतर पाऊण-एक तासाने, अंग मोकळं झाल्यावर, पाच मिनिटं चालणं. मग भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून पाचदा उठबस. वेग एवढाच, की बोलता यावं, गाता येऊ नये. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा वळसा घ्यायचा. चक्कर आली तर लगेच बसायचं. दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवायची. आणि थांबायचं ते घड्याळ बघून, दमून नव्हे. सगळी मेख याच शेवटच्या अटीत आहे. उत्साह आला की चालू, असं म्हणणाऱ्याला तो येतच नाही. आधी पाय हलतात, मग मन. हे माझं जुनं मत.

थकवा दहापैकी किती, हे चालण्याआधी आणि नंतर अर्ध्या तासाने वहीत लिहायचं होतं. तिसऱ्या भेटीत काका वही उघडून गोंधळले. "आधी सात, नंतर पाच. उलटं लिहिलं वाटतं." पानं उलटली. बारापैकी नऊ दिवस तसंच होतं. मी काहीच बोललो नाही. त्या वहीपुढे माझं बोलणं फिकं पडलं असतं.

काकू बराच वेळ वहीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "उद्यापासून चहाचे कप तुम्हीच उचला."

आता काका संध्याकाळी सुरसागरच्या काठी अठरा मिनिटं चालतात. काकू सोबत असतात, पण गप्प. बोलण्यात लक्ष गेलं की पावलं अडखळतात. वहीत एका दिवशी मात्र आधी चार, नंतर सात. शेजारी काकूंच्या अक्षरात: "पाहुणे आले, गोळी उशिरा."