वाडिया हॉस्पिटलला भेट: फळवाटप, परवानगी आणि थोडा इतिहास

ताई, तुमचं महिला मंडळ मुंबईला येताना परळच्या लहान मुलांच्या वाडिया हॉस्पिटलला जाणार, मुलांना फळं-खेळणी वाटणार आणि हॉस्पिटल कुणी नि का उभारलं तेही समजून घेणार, असं तुम्ही लिहिलंय. मी लालबागचा. बाहेरगावची मंडळी आली की त्यांना या भागात फिरवायचं काम बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फळांचं. केळी-सफरचंदांच्या करंड्या घेऊन थेट वॉर्डात शिरायचा बेत असेल तर तो सोडा. तिथल्या काही मुलांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे खालावलेली असते आणि त्यांनी काय खायचं ते डॉक्टर ठरवतात. कुणाचं ऑपरेशन उद्यावर असतं, त्याला पाणीसुद्धा मोजून. अशा वेळी शेजारच्या खाटेवर लाडू आला की त्या पोराची समजूत काढता काढता आईच्या नाकी नऊ येतात. मऊ कापडी खेळण्यांचंही तेच, धूळ आणि जंतू त्यांत बसतात. चित्रकलेच्या वह्या, खडू, पुसता येतील अशी प्लास्टिकची खेळणी चालतात, पण तीही तिथल्या समाजसेवा विभागाला विचारून. आणि फोटो! पोराच्या हातात पुडा देताना आठ बायका मागे उभ्या, हा फोटो कृपा करून काढू नका.

परवानगी लागतेच. मंडळाच्या लेटरहेडवर किती जण, कधी आणि कशासाठी ते लिहून पत्र आधीच पाठवा. मोठा घोळका असेल तर दोघी-तिघींनीच आत जावं. खरं सांगायचं तर मंडळाने वर्गणी काढून एखाद्या मुलाच्या उपचाराला रीतसर पावती घेऊन हातभार लावला तर करंड्यांपेक्षा फार उपयोगी पडतो. मागे एकदा तिथे बाकावर एक गृहस्थ बसलेले पाहिले. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात केसपेपर, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि एक्स-रेचं मोठं पाकीट, आणि दर पाच मिनिटांनी तेच कागद काढून पुन्हा लावणं चाललेलं. अशा माणसाला फळ नको असतं, पुढच्या तपासणीचे पैसे कुठून आणायचे ते सांगणारं कुणीतरी हवं असतं.

आता इतिहास. वाडिया हे मूळचे सुरतेचे पारशी जहाजबांधणारे. लवजी नसरवानजी वाडिया 1736 साली मुंबईत आले आणि इथली गोदी त्यांच्या घराण्याने नावारूपाला आणली. याच घराण्याच्या देखरेखीखाली 1817 मध्ये सागवानात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाहायला मिळतं. (विषय सोडून आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.) पुढे त्याच घराण्यातल्या नवरोजी वाडियांनी 1879 मध्ये बॉम्बे डाइंग ही कापड कंपनी काढली. नवरोजींच्या नावाने त्यांचे चिरंजीव सर नेस वाडिया यांनी 1926 मध्ये परळला प्रसूतिगृह उभारलं आणि मागोमाग, त्याच दशकाच्या अखेरीस, आई जेरबाईंच्या नावाने लहान मुलांचं हॉस्पिटल. दोन्ही एकाच आवारात, आचार्य दोंदे मार्गावर, केईएम आणि टाटा हॉस्पिटलच्या शेजारी. गिरणगावातली किती माणसं ‘वाडियात जन्मलेली’ आहेत त्याला गणती नाही! नवखे लोक मात्र दोन्हींत गोंधळतात, तेव्हा गेटवर ‘लहान मुलांचं’ असं स्पष्ट सांगा.

हे परळलाच का झालं, याचं उत्तर त्या काळच्या चाळींत आहे. 1921 साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून जास्त बाळं वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात, घाटावर गावी जायच्या, जन्माची नोंद तिकडे आणि मृत्यूची इकडे, म्हणून हा आकडा फुगलेला असणार. तरी एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं, ओल आणि गिरणीत दहा तास उभी राहणारी आई हे काही खोटं नव्हतं. कामावर जाताना तान्ह्याला अफूची बाळगोळी चाटवून झोपवायची रीत तेव्हा सर्रास होती.

माहितीपत्रकांत इथे फक्त दानशूरपणा येतो. मला ते अर्धंच वाटतं. ज्या गिरण्यांच्या नफ्यातून हॉस्पिटल उभं राहिलं, त्याच गिरण्यांत या आया राबत होत्या. 1928 मध्ये गिरणी कामगारांचा जवळपास सहा महिने संप चालला. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेत कामगार बायकांना भत्ता देण्याच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि 1929 मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. हॉस्पिटल आणि हा कायदा एकाच सुमाराचे आहेत. वाडियांचं श्रेय यातून कमी होत नाही, त्यांच्याइतकेच पैसे कमावून काहीही न बांधणारे मालक ढीगभर होते. पण मंडळात सांगाल तेव्हा दोन्ही गोष्टी सांगा.

शेवटचा मुद्दा, ‘धर्मादाय म्हणजे सगळं फुकट का?’ नाही. ट्रस्टसोबत राज्य सरकार आणि मुंबई महापालिकेचं अनुदान या दोन्ही हॉस्पिटलांना मिळतं. 2020 च्या जानेवारीत तेच थकल्यावरून रुग्ण घेणं बंद होण्याची वेळ आली होती, रस्त्यावर आंदोलन झालं आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. तुमच्या गावातल्या कुणाचं मूल इथे आणायचं असेल तर रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवायला सांगा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आजार बसतो का, तेही आधी विचारून घ्यायला सांगा.

यायचं तर परळ किंवा प्रभादेवी स्टेशनवर उतरा, टॅक्सीवाल्याला ‘केईएम’ म्हटलं की पुरे. रविवार टाळा. वेळ उरला तर लालबागची नवरोज बाग बाहेरून बघा. गरजू पारशी कुटुंबांना कमी भाड्यात घरं मिळावीत म्हणून जेरबाईंनी ती बांधली. ती राहती वस्ती आहे, त्यामुळे आत शिरायचा आग्रह धरू नका.