गुणांची सरासरी आणि ट्रेडमधली किंमत

प्रश्न : नाशिकला गंगापूर रोड परिसरात संध्याकाळी बास्केटबॉल खेळणारा आमचा गट एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे सामनेही सकाळी उठून पाहतो. खेळाडूची ट्रेडमधली, म्हणजे संघांमधल्या अदलाबदलीतली, किंमत त्याच्या गुणांच्या सरासरीवरून ठरते, असे आमच्यातील बहुतेकांचे मत आहे. मग कधीही ऑल-स्टार (हंगामातील निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडलेला) न झालेल्या मिकाल ब्रिजेससाठी न्यूयॉर्क निक्सने २०२४ मध्ये पहिल्या फेरीचे पाच ड्राफ्ट पिक (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत एक खेळाडू निवडण्याचे हक्क) का मोजले? आणि २०२५ मध्ये लुका डॉन्चिचच्या बदल्यात डॅलसला अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि पहिल्या फेरीचे एकच पिक कसे मिळाले?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आयपीएलमध्ये हार्दिक पंड्या २०२३ साली रोख व्यवहारातून गुजरातकडून मुंबईकडे आला. एनबीएत रोख रकमेच्या देवघेवीवर वार्षिक मर्यादा असल्याने मोबदला मुख्यतः खेळाडू आणि ड्राफ्ट पिक यांतच द्यावा लागतो, आणि खेळाडूबरोबर त्याचा चालू करारही नव्या संघाला स्वीकारावा लागतो. त्यामुळे खेळाडू किती चांगला आहे यापेक्षा, कराराच्या उरलेल्या वर्षांत तो जे देईल ते त्याच्या पगाराच्या मानाने किती जास्त असेल, हे तपासावे लागते.

ब्रिजेस तेव्हा २७ वर्षांचा होता, २०१८ मध्ये एनबीएत आल्यापासून त्याने एकही सामना चुकवला नव्हता आणि त्याच्या कराराची दोन वर्षे शिल्लक होती. २०२४-२५ मधला त्याचा पगार सुमारे २ कोटी ३३ लाख डॉलर होता. त्या हंगामाची वेतनमर्यादा, म्हणजे एका संघाच्या एकूण पगारांसाठी ठरलेली मर्यादा, सुमारे १४ कोटी ६ लाख डॉलर होती, म्हणजे मर्यादेच्या साधारण सहाव्या हिश्श्यात निक्सला बचावात भक्कम आणि रोज उपलब्ध असणारा खेळाडू मिळाला. तरीही मला हा मोबदला जास्तच वाटतो. मात्र पाच हा आकडा दिसतो तितका भयंकर नाही, कारण त्यातील एक पिक मिलवॉकी संघाचे आणि अटींनी सुरक्षित केलेले (फार वरच्या क्रमांकावर आले तर न मिळणारे) होते, तर निक्सची स्वतःची चार पिक २०२५, २०२७, २०२९ आणि २०३१ या वर्षांची होती. एक वर्ष सोडून एक अशी ही मांडणी नियमामुळे झाली, कारण पुढच्या सलग दोन वर्षांत पहिल्या फेरीचे एकही पिक हाती उरणार नाही, असा व्यवहार संघाला करता येत नाही. शिवाय चांगल्या संघाचे पिक फेरीच्या शेवटाकडे, उत्तम नवे खेळाडू आधीच निवडले गेल्यावर, येते. अर्थात तो संघ पुढे ढासळला तर तेच पिक सोन्याचे ठरते : २०१३ मध्ये ३७ वर्षांचा केव्हिन गार्नेट आणि ३५ वर्षांचा पॉल पीअर्स बॉस्टनकडून घेताना ब्रूकलिनने दिलेल्या हक्कांतूनच बॉस्टनला पुढे जेलन ब्राऊन आणि जेसन टेटम मिळाले.

उलट उदाहरण ब्रॅडली बील याचे आहे. गुण करण्यात तो कुणाला हार जाणारा नव्हता, पण २०२२ मधला पाच वर्षांचा, सुमारे २५ कोटी डॉलरचा करार आणि त्यात स्वतःच्या संमतीशिवाय ट्रेड न होण्याची अट, यांमुळे त्याच्या तेव्हाच्या वॉशिंग्टन संघाची सौदा करण्याची ताकदच संपली. पुढे ट्रेडमध्ये त्याला घेणाऱ्या फिनिक्स संघानेच २०२५ मध्ये त्याला करारातून मोकळे केले.

डॉन्चिचचा सौदा मात्र किमतीचे माप म्हणून वापरू नये. तो २५ वर्षांचा होता, २०२३-२४ मध्ये सामन्यामागे ३३.९ गुणांची सरासरी राखून लीगमध्ये पहिला आला होता आणि त्याच हंगामात त्याने डॅलसला अंतिम फेरीत नेले होते. डेव्हिस ३१ वर्षांचा होता. डॅलसने खुलेपणाने इतर संघांची बोली न मागता डेव्हिसच्या लॉस एंजेलिस लेकर्स या संघाशी गुपचूप बोलणी केली. स्पर्धाच नसेल तर मिळालेला मोबदला विकणाऱ्याचा निर्णय सांगतो, खेळाडूची किंमत नव्हे.

आपल्या गटात पुढचा वाद होईल तेव्हा घेणाऱ्या संघाची स्थितीही पाहावी. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २०२३ च्या वेतनकरारानुसार सेकंड एप्रन ही वेतनमर्यादेच्याही बरीच वरची खर्चाची मर्यादा ओलांडलेल्या संघाला अनेक खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, त्यामुळे इच्छा असूनही तो बोलीत उतरू शकत नाही. तसेच कराराचे शेवटचे वर्ष संघाच्या मर्जीवर आहे की खेळाडूच्या, हेही पाहावे. खेळाडूच्या मर्जीवर असेल, तर तो चांगला खेळल्यास वर्षभर आधीच सोडून जाऊ शकतो आणि घसरल्यास पूर्ण पगार घेऊन थांबतो.