पानिपतच्या छावणीत कोणती कविता?

प्रश्न : पानिपतच्या मोहिमेवर मी कादंबरी लिहीत आहे. छावणीतील एका तरुण शिलेदाराच्या तोंडी मोरोपंतांच्या ‘केकावली’तील ‘सुसंगति सदा घडो’ ही ओळ घालावी आणि एका प्रकरणाच्या आरंभी कुसुमाग्रजांच्या ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ या कवितेचे कडवे छापावे, असा विचार आहे. दोन्ही कविता जुन्याच आहेत. तरीही परवानगी घ्यावी लागेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दुसरी कविता आपण समजता तितकी जुनी नाही. प्रतापराव गुजरांचा प्रसंग 1674 सालचा असला, तरी कवी आपल्या काळातला आहे. आपल्याकडील 1957च्या कायद्यानुसार कवीच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून पुढे साठ वर्षे लेखनाचा हक्क त्याच्याकडे व त्याच्या वारसांकडे राहतो. कुसुमाग्रजांचे निधन 1999 साली झाले; म्हणजे 2059 संपेपर्यंत पूर्ण कडवे छापण्यापूर्वी हक्कदारांची लेखी परवानगी घेणेच योग्य.

मोरोपंतांच्या ओळीला परवानगीची गरज नाही. मात्र एखाद्या अलीकडच्या सटीप आवृत्तीतील अर्थ, टिपा किंवा प्रस्तावना उचलू नये, कारण त्या संपादकाच्या असतात. मूळ ओळ जुन्या छापील प्रतीवरून घ्यावी आणि आजच्या वाचकाला सोपी जावी म्हणून तिचे शब्द बदलू नयेत. ‘केकावली’ पृथ्वी वृत्तात आहे, आणि एखादी मात्रा इकडची तिकडे झाली तरी जाणत्या कानाला ते लगेच खटकते.

खरी अडचण कायद्याची नाही, काळाची आहे, आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. मोरोपंतांचा जन्म 1729चा. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 रोजी झाली तेव्हा ते बारामतीच्या आश्रयाला असलेले, तिशी नुकतीच ओलांडलेले कवी होते, आणि ‘केकावली’ ही त्यांच्या उत्तरायुष्यातील रचना आहे. आपल्या शिलेदाराला ती ओळ ठाऊक असणे शक्यच नाही. शाळेत पाठ केलेली कविता आपल्या जिभेवर इतकी रुळलेली असते की तीही कधीतरी नवी होती, याचा विसर पडतो. शिवाय त्या काळी कविता छापील पुस्तकातून नव्हे, तर कीर्तनातून आणि हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांतून गावोगाव पोहोचत असे. तेव्हा शिलेदाराने ती कुठे आणि कुणाकडून ऐकली, हेही लेखकाला ठाऊक हवे.

त्याच्या तोंडी तुकोबांचा अभंग किंवा समर्थांचा मनाचा श्लोक सहज शोभेल. माझी निवड विचाराल, तर श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’ घ्यावा. अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा ओवीबद्ध ग्रंथ पुढे घरोघरी वाचला गेला. कुरुक्षेत्राच्या परिसरात तळ पडलेला असताना, रसद तुटलेल्या छावणीत कुणी त्यातील युद्धाच्या ओव्या म्हणत आहे, हा प्रसंग आपल्या कादंबरीत आपोआप बोलू लागेल. ‘केकावली’ची ओळ सोडवत नसेल, तर ती प्रकरणाच्या माथ्यावर, पात्राच्या मुखाबाहेर, कवीच्या नावासह छापावी.