‘आता एक कडक माणूसच पाहिजे’ असे घरातले कोणी म्हणू लागते तेव्हा

गेल्या काही वर्षांत जळगावातील माझ्या समुपदेशन केंद्रात एक तक्रार वारंवार कानी पडू लागली आहे. ती घेऊन येणारे बहुधा तिशीतले मुलगे, मुली आणि सुना असतात आणि तक्रार असते घरातल्या वडीलधाऱ्यांविषयी, क्वचित आईवडील आपल्या तरुण मुलाविषयीही तेच सांगतात. ज्यांनी आम्हाला न्यायाने वागायला शिकवले, तेच आता म्हणतात की या देशाला लोकशाही झेपत नाही, एक हुकूमशहा हवा. यांना काय झाले आहे, आणि यांच्याशी बोलायचे तरी कसे?

असे म्हणणारी माणसे अपवादात्मक नाहीत, हे मी येणाऱ्यांना आधी सांगते. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने २०२३ मध्ये २४ देशांत केलेल्या पाहणीत संसद आणि न्यायालये यांच्या हस्तक्षेपाशिवाय निर्णय घेणारा बलवान नेता असणे चांगले, असे मत भारतातील ६७ टक्के लोकांनी दिले होते. त्याच पाहणीत बहुसंख्य भारतीयांनी लोकप्रतिनिधींमार्फत चालणाऱ्या लोकशाहीलाही चांगले म्हटले होते. एकाच माणसाला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्याशा वाटतात, आणि माझ्या कामाला सुरुवात होते ती तिथून.

एका कुटुंबाच्या परवानगीने आणि ओळखीचे तपशील बदलून त्यांचा अनुभव सांगते. अमळनेर-पारोळा पट्ट्यातील एका कापूस उत्पादक शेतकऱ्याची मुलगी माझ्याकडे आली. ती जळगावात नोकरी करते. दिवाळीत जेवणाच्या पंगतीत याच विषयावरून वडिलांशी, म्हणजे आप्पांशी, कडाक्याचे भांडण झाले होते आणि तेव्हापासून दोघांत बोलणे नव्हते. ती रोज त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर लेख पाठवी आणि ते न वाचता पुसून टाकीत. “आमचे पणजोबा १९३६ मध्ये फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला बैलगाडीने गेले होते, मॅडम, आणि त्यांचा नातू हे असले बोलतो,” असे म्हणताना तिला रडू आवरले नाही.

मी तिला विचारले, “आप्पा हे कधीपासून म्हणू लागले?”

“दोन-तीन वर्षे झाली.”

“त्या सुमारास घरात काय काय घडले?”

तिने जे सांगितले ते तिच्या लेखी राजकारणाशी संबंध नसलेले होते. धाकटा भाऊ कामासाठी सुरतला गेला, पीकविम्याचे पैसे मिळाले नाहीत, वडिलोपार्जित जमिनीच्या फेरफाराचा, म्हणजे सरकारी नोंदीतल्या नावांचा, वाद उभा राहिला आणि आप्पांची झोप उडाली. मी तिला सांगितले की त्यांना त्यांच्या मतांसाठी आणू नको, झोपेसाठी आण. झोपेचा त्रास खराच होता आणि त्यासाठी यायला त्यांचीही हरकत नव्हती.

आप्पा आले ते सावधपणेच. झोपेविषयी थोडे बोलून झाल्यावर ते स्वतःच म्हणाले, “ताई, आते एक कडक मानूस जोयजे. त्याबिगर काही खरं नही.”

मी विचारले, “तो कडक माणूस उद्या आला, तर सकाळी उठून पहिले काम कोणते करील?”

हा प्रश्न मी अशा प्रत्येकाला विचारते, आणि उत्तर बहुधा सीमेविषयी किंवा दिल्लीविषयी येत नाही. आप्पा क्षणभर थांबून म्हणाले, “अर्ज दिला की आठ दिवसांत निकाल. हो तर हो, नाही तर नाही. हेलपाटे बंद.”

त्यांना धाक हवा होता की उत्तर हवे होते, याचा उलगडा मला त्या वाक्यात झाला. बासष्ट वर्षांचा माणूस, ज्याने आयुष्यभर घरात आणि शेतात निर्णय घेतले, तो गेली काही वर्षे कुठल्या ना कुठल्या खिडकीसमोर उभा होता आणि त्याला कोणी उत्तर देत नव्हते. हुकूमशाहीकडे ओढल्या जाणाऱ्या माणसांचा विचार करताना मी एरिक फ्रॉम या जर्मन मानसशास्त्रज्ञाकडे वळते. नाझी राजवटीमुळे देश सोडावा लागलेल्या फ्रॉम यांचे म्हणणे असे होते की, जुने आधार तुटून माणूस सुटा आणि एकाकी पडला की स्वातंत्र्यच त्याला ओझे वाटू लागते आणि ते उतरवून ठेवण्यासाठी तो एखाद्या बलवंताच्या आश्रयाला जातो. १९५० च्या सुमारास अमेरिकेत दुसरी एक मांडणी पुढे आली, जिने या वृत्तीचे मूळ बालपणातील कठोर शिस्तीत शोधले आणि अशा माणसांचा एक स्वभावप्रकारच ठरवून टाकला. समोर बसलेल्या माणसासाठी मला ती मांडणी फारशी उपयोगाची वाटत नाही, कारण स्वभावावर शिक्का बसला की पुढचा संवादच खुंटतो. फ्रॉम यांच्या मार्गाने गेले की निदान एवढे तरी विचारता येते, की तुमचा आधार नेमका कुठे तुटला?

पुढच्या काही भेटींत आम्ही देशाविषयी बोललोच नाही. बोललो ते फेरफाराविषयी, आणि त्या बोलण्याच्या वेळी मुलीलाही मी मुद्दाम बसवून घेतले. त्या जमिनीची वारसनोंद झाली तेव्हा आप्पांचे नाव गाळून चुलतभावांची नावे सातबाऱ्यावर चढली होती. आप्पांनी प्रांताधिकाऱ्यांकडे अपील केले, तारखांमागून तारखा पडल्या, शेवटी आधीचा आदेश रद्द होऊन त्यांचे नाव लागले.

“पहिला निर्णय किती दिवसांत झाला होता, आप्पा?”

“महिनाभरात.”

“आणि अपिलाचा?”

“दोन वर्षं गेली ना. त्यातच तर झोप गेली.”

“तुमच्या त्या कडक माणसाच्या राज्यात, जिथे हो तर हो आणि नाही तर नाही, तिथे या दोनांपैकी कोणता निर्णय शेवटचा ठरला असता?”

ते बराच वेळ टोपीशी चाळा करीत राहिले. मग म्हणाले, “पहिला.” आणि लगेच, “पन तो मानूस मना बाजूना ऱ्हाता ना, ताई.” तो माणूस माझ्या बाजूचा असता, असे त्यांचे म्हणणे.

मी एवढेच म्हटले, “तुमच्या चुलतभावालाही तसेच वाटत असेल.”

इतक्या वर्षांच्या कामात मी एक गोष्ट शिकले आहे आणि तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. सर्वाधिकारी नेत्याचे चित्र मनात रंगवताना प्रत्येक माणूस स्वतःला त्याच्या शेजारी उभा करतो, त्याच्या पुढ्यात आरोपी म्हणून कधीच नाही. म्हणून इतिहासातले दाखले त्याला परके वाटतात. त्याच्याच आयुष्यातला असा एखादा प्रसंग सापडला, जिथे घाईने झालेला निर्णय त्याच्या विरुद्ध गेला आणि दुसऱ्या दारावर दाद मागता आली म्हणून तो वाचला, तर मात्र तो स्वतः विचार करू लागतो. तो प्रसंग शोधून काढणे हेच माझे काम, आणि आप्पांच्या बाबतीत ते साधले याचे मला आजही समाधान वाटते.

त्या दिवशी आणखी एक घडले. मुलीला कळले की आप्पा त्या तारखांना एकटे एसटीने जात असत आणि घरी कापूस बाजाराला जातो म्हणून सांगत असत. “आम्हाला सांगितले का नाही?” या तिच्या प्रश्नावर ते म्हणाले, “कोणी विचारलं?” ज्या माणसाचा घरातला शब्दही हळूहळू मागे पडला होता, त्याला मुलीच्या लेखांनी आणखी एका खिडकीसमोर उभे केले होते.

त्यानंतर दाखले दिले तेव्हा ते त्यांच्यापर्यंत पोहोचले. १९५८ नंतर चीनमध्ये ‘मोठी झेप’ नावाची मोहीम चालू असताना वरिष्ठांच्या धाकाने अधिकाऱ्यांनी धान्याचे फुगवलेले आकडे वर कळवले, त्या आकड्यांवर धान्यवसुली झाली आणि कोट्यवधी माणसे उपासमारीने मेली. मुक्त वृत्तपत्रे आणि निवडणुका असलेल्या देशांत असा मोठा दुष्काळ पडत नाही, हे अमर्त्य सेन यांचे निरीक्षण मी सांगितले, तेव्हा आप्पांनी त्याला आपल्या परीने पुस्ती जोडली. पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांच्या वर लागली की आम्ही तहसीलवर जाऊन ओरडतो, ओरडायची सोय नसती तर कागदावरचे पीक उभेच राहिले असते, असे ते म्हणाले. आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत असे पूर्वी सांगणाऱ्या आप्पांनीच मग १९७६ मध्ये नसबंदीच्या भीतीने गावातले पुरुष रात्री शेतात झोपायला जात, ही आपल्या शाळकरी वयातली आठवण काढली. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केले होते, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही.

ज्यांच्या घरी हा वाद चालू आहे त्यांना माझे सांगणे असे, की लेख आणि चित्रफिती पाठवणे आधी थांबवा. त्या माणसाचे कुठले काम अडले आहे ते विचारा आणि त्यातले एक तरी त्याच्या सोबत जाऊन मार्गी लावा. कापूस कधी विकायचा, मुलाच्या शिक्षणाला किती खर्च करायचा, अशा गोष्टींत त्याचे मत खरोखर घ्या आणि ते पटले नाही तर का पटले नाही ते समोर सांगा. तक्रार तरुण मुलाविषयी असेल, तर भरतीची जाहिरात लांबल्यापासून किंवा निकाल अडकल्यापासून त्याची भाषा बदलली का, ते आधी पाहा. कित्येक मुलांच्या बाबतीत उत्तर होकारार्थी येते.

आप्पांचे मत बदलले का, असे त्यांच्या मुलीने शेवटच्या भेटीत विचारले. बातम्या पाहताना ते अजूनही कडक माणसाचे नाव काढतात. मात्र मागच्या ग्रामसभेत पाणंद रस्त्याच्या रखडलेल्या कामाविषयी त्यांनी उठून प्रश्न विचारला, घरी येऊन तिला फोनवर सगळे सविस्तर सांगितले, आणि आता झोपही बरी लागते.

हा मार्ग सगळीकडे लागू पडत नाही. हुकूमशाहीच्या मागणीसोबत एखाद्या जातीला किंवा धर्माला धडा शिकवण्याची भाषा येत असेल, किंवा देशासाठी मागितलेला धाक तो माणूस स्वतःच्या बायकामुलांवर गाजवत असेल, तर त्याची बाजू समजून घेण्याआधी घरातल्यांची सुरक्षितता पाहावी लागते. अशा वेळी त्याला सोबत आणण्याचा आग्रह धरू नका, पहिल्या भेटीला तुम्ही एकट्याच या.