बारावीला गणित नव्हतं, मग हवामानशास्त्र विसरायचं का?

हवामान म्हणजे भूगोल, असं समजून अकरावीत गणिताऐवजी भूगोल घेणारी मुलं आम्हा करिअर समुपदेशकांना दरवर्षी भेटतात. सांगली जिल्ह्यातल्या एका द्राक्षबागायतदाराची मुलगी त्यांतलीच. बारावीला भौतिकशास्त्र, रसायन, जीवशास्त्र आणि भूगोल, गुण चांगले. ऑक्टोबर छाटणीनंतर अवेळी पाऊस आला की बागेत डावणी हा बुरशीजन्य रोग कसा झपाट्याने पसरतो, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. हवामानशास्त्रच शिकायचं, हे तिचं ठाम होतं. वडिलांच्या शंका दोन: गणित नाही तर प्रवेश कुठे मिळणार, आणि एवढं शिकून नोकरी कितीशी?

पहिल्या शंकेचं उत्तर गोड करून सांगण्यात अर्थ नव्हता. आजचा अंदाज वाऱ्याचा वेग, तापमान, दाब आणि आर्द्रता यांची समीकरणं संगणकावर सोडवून मिळतो. ही समीकरणं डिफरन्शियल इक्वेशन, म्हणजे एखादी गोष्ट किती वेगाने बदलते हे मांडणारी, असतात. त्यामुळे एम.एस्सी.ला पहिल्या सत्रातच कॅल्क्युलस (बदलाच्या वेगाचं गणित) आणि थर्मोडायनॅमिक्स (उष्णता व ऊर्जेचं शास्त्र) समोर येतं. भारतीय हवामान विभागातल्या सायंटिफिक असिस्टंट पदाची 2022 ची जाहिरात आम्ही बापलेकीसमोर ठेवली. पदवीत भौतिकशास्त्र (किंवा संगणकशास्त्राची पदवी, किंवा इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनचा डिप्लोमा), किमान 60 टक्के, आणि शिवाय बारावीला भौतिकशास्त्र व गणित दोन्ही. ही शेवटची अट बरेच जण पदवी झाल्यावर वाचतात, तेव्हा हातात काही उरत नाही. ही मुलगी बारावीनंतर लगेच आली होती, ही मोठी जमेची बाजू.

तिच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, जीवशास्त्राच्या जोरावर एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन बी.एस्सी. कृषी, चार वर्षं. मग कृषी हवामानशास्त्रात एम.एस्सी., दोन वर्षं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात हा विषय आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी शेतकऱ्यांना मिळणारा कृषी हवामान सल्ला तयार करणं हे या शाखेचं काम, आणि डावणीचा प्रश्न थेट त्यातलाच. दुसरी, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेतून (एनआयओएस) फक्त गणित, विषय क्रमांक 311, देऊन मग बी.एस्सी. भौतिकशास्त्र मेजर (मुख्य विषय), गणित मायनर (दुय्यम विषय). एनआयओएसमध्ये एकाच विषयाला प्रवेश मिळतो. मात्र आधीच्या बारावीसोबत ही वेगळी गुणपत्रिका चालेल का, हे ज्या कॉलेजात जायचंय तिथे अर्ज भरण्याआधीच लेखी विचारून ठेवावं. तोंडी 'चालेल' वर विसंबून जुलैमध्ये धावपळ करणारे पालक थोडे नाहीत.

"म्हणजे एक वर्ष वाया," वडील म्हणाले. तेव्हा कागदावर बेरीज मांडली. गणिताचं 1, पदवीची 3, एम.एस्सी.ची 2: सहा. कृषीची 4 आणि 2: तीही सहाच. या बेरजेनंतर गॅपची भीती बरीच ओसरली. फरक वेळेचा नव्हताच. कृषीची वाट घेतली तर सायंटिफिक असिस्टंटचं दार बंद राहतं, आणि मॉडेलिंगच्या, म्हणजे संगणकावर हवामान मांडण्याच्या, संशोधनाकडे वळणं फार अवघड जातं. गणिताच्या वाटेने पुढे कृषी हवामानावर काम करता येतं.

नोकरीबद्दल वडिलांची काळजी रास्त होती. सायंटिफिक असिस्टंटच्या 2017 च्या भरतीत 1102 जागा होत्या, त्यानंतरच्या 2022 च्या भरतीत 990. मध्ये पाच वर्षं. वयोमर्यादा 30. म्हणजे या एका भरतीच्या भरवशावर बसणं धोक्याचं. एम.एस्सी. झालं की पर्याय वाढतात: हवामान विभाग व पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या संस्थांमध्ये सायंटिस्ट-बी हे शास्त्रज्ञाचं पद, पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत पीएच.डी., हवाई दलाची हवामान शाखा. खासगीत पवन आणि सौर वीज कंपन्यांना पुढच्या दिवसाच्या उत्पादनाचा अंदाज 15-15 मिनिटांच्या 96 तुकड्यांत द्यावा लागतो. तिथे हवामान आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही येणारी माणसं लागतात. प्रकल्पावरची कंत्राटी पदं अनुभवासाठी चांगली, पण घर त्यावर उभं करू नये. 2024 मध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रं बंद झाली, तेव्हा तिथल्या शिकलेल्या मुलांना नवी वाट शोधावी लागली.

आणखी एक गोष्ट आम्ही मुलीला स्पष्ट सांगितली. वेधशाळेचं घड्याळ सुट्टी पाळत नाही. वरच्या हवेची मोजणी करणारा फुगा सोडण्याची वेळ पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच. विमानतळावर दर अर्ध्या तासाला निरीक्षण, रात्रपाळी ठरलेली, बदली देशात कुठेही. तिला याची अडचण वाटली नाही. आईला वाटली, आणि त्या बोलण्याला स्वतंत्र एक बैठक दिली.

निर्णयाआधी एक महिना तिला गणित करून बघायला सांगितलं. बारावीच्या पुस्तकाचा दुसरा भाग, रोज दीड तास, क्लास न लावता. पहिल्या पंधरवड्यात ती डेरिव्हेटिव्हवर नाही, त्रिकोणमितीवर अडली. हे नेहमीचंच: अकरावीचा पाया नसला की बारावीचं गणित अवघड वाटतं, आणि मुलं 'मला गणित जमत नाही' असा निष्कर्ष काढून मोकळी होतात. म्हणून ती मागे जाऊन अकरावीची प्रकरणं करून आली. सोबत एक हवामानाचं गणित दिलं: पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला मिळणारं वळण अक्षांशाच्या साइनवर अवलंबून असतं, तर सांगलीला (साधारण 17 अंश) आणि दिल्लीला (28.6 अंश) ते किती? तिने 0.29 आणि 0.48 काढलं आणि पुढचा प्रश्न आपणहून विचारला: मग विषुववृत्तावर शून्य, म्हणून तिथे चक्रीवादळं होत नाहीत का? नेमकं हेच कारण आहे. चाचणीत आम्हाला गुण पाहायचे नव्हते. आकड्यातून तिला हवा दिसते का, तेवढंच पाहायचं होतं.

तिने एनआयओएसच्या गणिताचा (311) अर्ज भरला. परीक्षा एप्रिल-मेची, म्हणून वर्षाची आखणी अशी: सकाळी गणित, दुपारी पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. सरावासाठी हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर 1901 पासूनची पाऊसमानाची रोजची आकडेवारी 0.25 अंशाच्या चौकटींत मोफत मिळते. त्यातून आपल्या तालुक्याची चौकट वेगळी काढून ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले पावसाचे दिवस मोजायचे, हे तिचं पहिलं काम. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाचं, कोचीच्या कुसॅट विद्यापीठाचं आणि विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठाचं एम.एस्सी.चं प्रवेशपत्रक तिने आत्ताच वाचून ठेवलंय. पदवीच्या तीन वर्षांत 60 टक्क्यांच्या खाली यायचं नाही, हे वडिलांनी स्वतः वहीत लिहून घेतलं.